पागोळीपासून सागरापर्यंत

समुद्रातील प्लॅस्टिकचा कचरा हा विषय निघाला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मिरामारचा किंवा कळंगुटचा किनारा उभा राहतो. कोणी पर्यटकांना दोष देतो, कोणी जहाजवाल्यांना, कोणी मच्छीमारांना. आणि अंत्रुज महालात, सत्तरीत अथवा घाटावर खानापूर-बेळगावकडे राहणारा मनुष्य मनाशी म्हणतो की, समुद्र आमच्यापासून पुष्कळ दूर आहे, तेव्हा हा प्रश्न किनाऱ्यावरच्या लोकांनी सोडवावा. हा समज बरोबर नाही, एवढेच प्रस्तुत पाठात आम्हांस सांगावयाचे आहे. मृगाच्या पावसाची पागोळी आपल्या अंगणात जेथे पडते, तेथूनच समुद्राची वाट सुरू होते. त्या वाटेवर जे पडलेले असेल ते समुद्राच्या वाट्याला गेले असे समजावे. आणि जे आपण तेथे पडूच दिले नाही, तेवढेच त्याच्यापासून खात्रीने दूर राहिले. हे एकदा मनाला पटले म्हणजे घरात व देवालयात काय करावे, हे ठरविणे कठीण नाही.

१. पाण्याची वाट

प्रथम आपल्या भूमीचा उतार ध्यानात घेऊ. फोंडा तालुक्याच्या उत्तरेस मांडवी आणि दक्षिणेस जुवारी. या दोन नद्यांना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो. तालुक्यातील कोणत्याही गावचा ओहोळ घ्या, तो फिरून फिरून या दोहोंपैकी एकीला मिळतो. मांडवी आग्वादजवळ व जुवारी मुरगावजवळ अरबी समुद्रास मिळते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे उरलेले आठ महिने रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या मागे, गटारांत आणि शेताच्या बांधांवर जो पातळ पिशव्यांचा व वेष्टनांचा साठा होतो, तो पावसाच्या पहिल्या चार-सहा मोठ्या सरींत एकदम उचलला जातो. मे महिन्याच्या अखेरीस भरलेले गटार जूनच्या मध्यास मोकळे दिसते, तेव्हा कचरा नाहीसा झाला असे आपणांस वाटते. वास्तविक तो पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो.

हा पुढचा मुक्काम म्हणजे खाडी. आपल्या नद्यांत भरतीचे पाणी कित्येक मैल आत येते. ओहोटीबरोबर खाली गेलेली पिशवी भरतीबरोबर पुन्हा वर येते आणि अशा येरझारा करता करता खारफुटीच्या झाडांत अडकते. खारफुटीची काही मुळे चिखलातून वर डोके काढून हवा घेतात. त्यांवर पिशव्यांचा थर बसला म्हणजे त्यांचा श्वास कोंडतो. याच खारफुटीच्या आश्रयाने मासळीची व कोळंबीची पिले वाढतात, हे मांडवीतटाकी राहणाऱ्यांस सांगावयास नको. जे तेथे अडकत नाही ते समुद्रात जाते. त्यातील काही भाग पश्चिमेचा वारा व लाटा पावसाळ्यात पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. त्या वेळी लोक म्हणतात, ‘समुद्राने केवढी घाण आणली!’ त्याने आणलेली वस्तू पुष्कळदा आपणच पाठविलेली असते.

घाटावरच्या वाचकांसही हेच लागू आहे. मांडवी, जिला वरच्या अंगास म्हादई म्हणतात, ती खानापूर तालुक्यातील डोंगरात उगम पावते व पश्चिमेस येते. त्याच तालुक्यात कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेस वळते, कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. डोंगराच्या एका अंगास टाकलेली पिशवी एका समुद्रात, तर दुसऱ्या अंगास टाकलेली दुसऱ्या समुद्रात! इंदूरची कान्ह नदी क्षिप्रेस मिळते, क्षिप्रा चंबळेस, चंबळ यमुनेस आणि यमुना गंगेस. बडोद्याची विश्वामित्री खंबायतच्या आखाताकडे जाते. हैदराबादची मुसी कृष्णेस मिळते. तात्पर्य, आपले समाजबांधव जेथे जेथे वसले आहेत, तेथे तेथे समुद्राचे एक दार आहे.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. समुद्रातील बहुतेक प्लॅस्टिक जगातील मोजक्या महानद्यांतून येते असे पूर्वी मानीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले की, नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ८० टक्के भाग १,००० हून अधिक नद्यांतून येतो, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे ज्या ओहोळाकडे आपण गटार म्हणून पाहतो, तोच या हिशेबात मुख्य आहे.

२. प्लॅस्टिकचा स्वभाव

एखाद्या वस्तूचा उपाय करावयाचा तर तिचा स्वभाव आधी जाणला पाहिजे. पिशव्यांचे प्लॅस्टिक, ज्यास पॉलिथिन म्हणतात, ते १९३३ साली इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्यात दुसराच प्रयोग चालू असताना अनपेक्षितपणे हाती लागले. दोन कानांची जी पातळ पिशवी आज प्रत्येक बाजारात दिसते, तिचा एकाधिकार स्वीडनमधील एका कंपनीने १९६० नंतरच्या दशकात मिळविला. याचा अर्थ असा की, आपल्या आजोबांनी ऐन तारुण्यात जो बाजार केला, तो या पिशवीवाचून केला. ही वस्तू आपल्या संसारात नवी आहे. तिच्यावाचून चालत नाही ही समजूत तर त्याहूनही नवी आहे.

हलके, स्वस्त, पाण्याने न भिजणारे आणि न कुजणारे असे हे द्रव्य आहे. हेच त्याचे गुण आणि हेच त्याचे दोष. केळीचे पान उकिरड्यावर टाकले तर काही आठवड्यांत त्याची माती होते. पिशवीची माती होत नाही. उन्हाने ती ठिसूळ होते, लाटांनी व वाळूने तिचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे पडतात. पण प्रत्येक तुकडा प्लॅस्टिकच राहतो. ५ मिलिमीटरहून लहान तुकड्यांस सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. या अवस्थेस पोहोचलेला कचरा समुद्रातून वेचून काढणे कोणत्याही यंत्रास साधलेले नाही. म्हणून वस्तू अखंड असताना, डोळ्यांना दिसत असताना आणि आपल्या हाताशी असतानाच तिला आवरले पाहिजे.

दुसरी एक गोष्ट अभ्यास करणाऱ्याने लक्षात ठेवावी. सर्व प्लॅस्टिक तरंगत नाही. पिशव्यांचे व बाटल्यांच्या बुचांचे प्लॅस्टिक पाण्याहून हलके असल्याने तरंगते. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक, नळाच्या नळ्यांचे प्लॅस्टिक आणि जाळ्यांचे नायलॉन पाण्याहून जड असते. बूच नसलेली बाटली पाण्याने भरली की तळाशी जाते. किनाऱ्यावर आपल्या दृष्टीस जे पडते तो एकूण कचऱ्याचा एक अंश होय. समुद्राच्या सर्वांत खोल अशा मारियाना गर्तेतही, १० किलोमीटरहून अधिक खोलीवर, प्लॅस्टिकची पिशवी आढळली आहे.

आकडे फार देऊ नयेत, तथापि दोन आकडे अवश्य जाणावेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले. त्यापैकी सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला होता, आणि त्या कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांची पुन्हा वस्तू बनली, १२ टक्के जाळला गेला, व बाकीचा ७९ टक्के जमिनीत पुरला गेला किंवा उघड्यावर राहिला. दुसरा आकडा समुद्राचा. २०१० या एका वर्षात किनाऱ्यावरील १९२ देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेले असावे, असा अंदाज २०१५ साली मांडण्यात आला. पहिल्या आकड्याचा अर्थ स्पष्ट आहे: ‘टाकलेल्या वस्तूची कोणीतरी पुन्हा वस्तू करीलच’ या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

३. कोणाचे काय जाते?

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या गोव्याच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. समुद्री कासवांच्या आहारात जेलीफिश नावाचा पारदर्शक प्राणी असतो. पाण्यात तरंगणारी पिशवी त्याच्यासारखीच दिसते. एवढेच नव्हे, तर काही दिवस समुद्रात राहिलेल्या प्लॅस्टिकवर शेवाळ व सूक्ष्म जीव वाढून त्याला खाद्याचा वास येतो आणि कासवे त्या वासाकडे ओढली जातात, असे २०२० साली प्रयोगांनी दिसून आले. पिशवी पोटात गेली की आतडे तुंबते. पोट भरल्यासारखे राहते आणि प्राणी उपासाने मरतो. कूर्म हा ज्यांच्या अवतारांत गणला जातो, त्या देवाची पूजा करणाऱ्या समाजाने याचा विचार करावा, एवढेच आम्ही येथे सुचवितो.

मनुष्याचेही यात जाते. आमच्या गोव्यात मासळी ही चैन नसून पुष्कळ घरांचे रोजचे जेवण आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी साष्टीतील साळ नदीच्या मुखाकडील पाणी, गाळ व शिंपल्यांसारखे जीव तपासले, तेव्हा तिन्हींत सूक्ष्म प्लॅस्टिक सापडले. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. २०२२ साली मनुष्याच्या रक्तातही प्लॅस्टिकचे कण आढळल्याचे वृत्त नेदरलँड्समधील संशोधकांनी दिले. या कणांचा शरीरावर कोणता परिणाम होतो याचे संशोधन अजून चालू आहे, तेव्हा भय दाखविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जे आपण गटारात सोडले ते आपल्याच ताटाकडे परत येण्याच्या मार्गावर आहे, एवढे निश्चित झाले आहे.

आणखी एक हानी पाण्याच्या वाटेवरच होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. कारणे अनेक होती; परंतु गटारांत व नाल्यांत बसलेले पिशव्यांचे बोळे हे त्यांपैकी एक मानले गेले. समुद्राकडे जाणारी पिशवी वाटेत अडली तरी निरुपद्रवी राहत नाही.

४. घरातील आचार

उपायांचा क्रम असा ठेवावा: प्रथम वस्तू घरात आणू नये, आणलीच तर पुन्हा पुन्हा वापरावी, वापरून संपली तर वेगळी ठेवून योग्य हाती द्यावी, आणि कोणत्याही परिस्थितीत ती उघड्यावर टाकू अथवा जाळू नये. हा क्रम उलटा करून चालत नाही.

पिशवी. बाजारास जाताना कापडी पिशवी न्यावी हा उपदेश सर्वांनी ऐकलेला आहे. तरी तो पाळला जात नाही, कारण पिशवी घरी खुंटीवर राहते. म्हणून एक पिशवी दुचाकीच्या डिकीत, एक कामाच्या थैलीत व एक दाराच्या कडीला अशी सोय करावी. ती नवी विकत घेण्याचे कारण नाही. कापूस पिकविण्यासही पुष्कळ पाणी लागते. दहा नव्या पिशव्या घेऊन त्या कपाटात ठेवण्यात पुण्य नाही. जुने धोतर, जुने लुगडे, उशीचा अभ्रा यांची शिवावी आणि फाटेपर्यंत वापरावी. मासळीसाठी झाकणाचा डबा न्यावा. कोळणीला तो पाहून प्रथम नवल वाटेल, पुढे सवय होईल.

दुधाची पिशवी. ही गोष्ट लहान दिसते, पण आमच्या मते ती सर्वांत शिकण्यासारखी आहे. पिशवीचा कोपरा कातरून आपण तो टाकून देतो. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या रोज घेणाऱ्या घरात वर्षाला असे ७३० तुकडे होतात. शंभर घरांच्या वाड्यात ७३,०००. पिशवी भंगारवाला घेतो, कारण तिला मोल आहे. तो नखाएवढा तुकडा कोणीच घेत नाही. तो केरातून, मोरीतून, अंगणातून निसटतो व थेट पाण्याच्या वाटेला लागतो. यावर उपाय एका क्षणाचा आहे: कोपरा पूर्ण न तोडता थोडासा कातरावा, म्हणजे तुकडा पिशवीलाच लोंबत राहतो. नंतर पिशवी धुऊन, वाळवून, साठवून द्यावी.

भंगारवाल्याची कसोटी. कोणती वस्तू समुद्रात जाण्याचा धोका अधिक, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे भंगारवाला ती घेतो की नाही हे पाहणे. बादली, डबा, बाटली तो घेतो. शांपूच्या पुड्या, चिवड्याची व बिस्किटांची चकाकणारी वेष्टने, सुपारीच्या पुड्या तो घेत नाही, कारण त्यांत प्लॅस्टिक व धातू यांचे अनेक थर एकत्र चिकटविलेले असतात आणि ते पुन्हा वेगळे करणे परवडत नाही. म्हणून अशाच वस्तूंची खरेदी आधी कमी करावी. दहा पुड्यांऐवजी एक मोठी बाटली घ्यावी. फरसाण डबा नेऊन सुटे घ्यावे. साबणाची वडी असताना पातळ साबणाच्या बाटलीचे काम नाही. तरीही जी वेष्टने घरात येतील ती कोरडी ठेवून पंचायतीच्या अथवा नगरपालिकेच्या कोरड्या कचऱ्यात द्यावीत. तेथून त्यांपैकी काही सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातात. ओल्या केरात मिसळलेले वेष्टन मात्र कोणत्याच कामाचे उरत नाही.

बाटली देताना तिचे बूच लावून द्यावे. सुटे बूच हलके असते, गडगडत जाते आणि तरंगते.

जाळू नये. आमच्या खेड्यांतून न्हाणीच्या चुलीत अथवा बंबात कागदाबरोबर पिशव्या घालण्याची रीत पडली आहे. कचरा नाहीसा झाला असे वाटते, परंतु त्या धुरात घातक वायू असतात. विशेषतः क्लोरीन असलेले प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये निर्माण होतात. न्हाणीत बसलेल्या लेकराच्या छातीत तो धूर जातो.

कपडे. नायलॉन, पॉलिएस्टर व ॲक्रिलिकची वस्त्रे हीही प्लॅस्टिकच होत. २०१६ साली इंग्लंडमधील एका प्रयोगात असे दिसले की, ६ किलो ॲक्रिलिक कपडे यंत्रात एकदा धुतले असता ७ लाखांहून अधिक तंतू पाण्यात सुटू शकतात. सर्वांनी सुतीच नेसावे असा आग्रह परवडणारा नाही. तथापि यंत्र पूर्ण भरल्यावरच चालवावे, कढत पाणी टाळावे आणि न मळलेला कपडा उगीच धुऊ नये, एवढे तरी करता येते.

मे महिन्याची झाडलोट. कौले शाकारणे, लाकडे भरणे, पापड-सांडगे करणे ही पावसाळ्यापूर्वीची कामे आपल्या घरांत ठरलेली आहेत. त्यांत आणखी एक काम घालावे: आपल्या घराभोवतालचे गटार व ओहोळाचा काठ मृगापूर्वी वेचून काढणे. जूननंतर किनाऱ्यावर शंभर माणसांनी जे वेचावे, ते मे महिन्यात वाड्यावरची दहा माणसे अधिक सुखाने वेचतात, कारण तेव्हा ते कोरडे, अखंड व एका जागी असते.

५. देवालयातील आचार

पूजेअर्चेच्या घरात वाढल्यामुळे देवालयात काय येते व काय बाहेर जाते, हे आम्ही नित्य पाहतो. पूर्वी देवाला जे जे येई ते सर्व मातीत अथवा पाण्यात विरून जाणारे होते: फूल, पान, नारळ, अक्षता, चंदन. म्हणून निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडण्याची रीत पडली आणि त्या काळी तिने काही बिघडत नव्हते. आज फुले येतात ती पिशवीतून, हार येतो तो नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला व जरीच्या नावाखाली प्लॅस्टिकची चमकी लावलेला, कापूर-उदबत्ती येते ती वेष्टनात, तेल येते ते बाटलीत. हे सर्व निर्माल्य म्हणून एकाच पिशवीत बांधून पुलावरून नदीत सोडतात. रीत तीच राहिली, द्रव्य बदलले. नारळी पौर्णिमेस सागराला श्रीफळ अर्पावे हे योग्यच. त्याबरोबर ज्या पिशवीतून ते आणले ती पिशवीही अर्पण होते, हे मात्र अर्पण नव्हे.

आमच्या समाजाच्या देवालयांनी पुढील गोष्टी ठरविल्यास त्यांस फारसा खर्च नाही. सभामंडपाबाहेर दोन टोपल्या ठेवाव्यात, एक फुला-पानांची व एक वेष्टनांची; पहिलीतील निर्माल्याचे देवालयाच्या कुळागरातच खत करावे. हार केळीच्या सोपटाच्या धाग्यात किंवा सुताच्या दोऱ्यात ओवलेलाच स्वीकारला जाईल असा फलक लावावा. म्हार्दोळच्या जाईसारखी फुले ज्या प्रदेशात केळीच्या धाग्यात गुंफली जातात, तेथे नायलॉनची गरज ती काय? अभिषेकाचे दूध पितळेच्या तांब्यातून आणावे.

समाराधनेचा विचार वेगळा केला पाहिजे, कारण तेथे एका दिवसात वर्षाचा कचरा होतो. पाचशे पाने झाली आणि प्रत्येकी एक ताटली, दोन वाट्या, एक पेला व एक चमचा धरला, तरी एका पंगतीत २,५०० वस्तू अर्ध्या तासाच्या उपयोगासाठी येतात. केळीचे पान, पत्रावळ व द्रोण ही जुनी सोय होतीच. जेथे पाने पुरत नाहीत तेथे सुपारीच्या झाडाच्या गळालेल्या झावळीच्या रुंद देठापासून केलेल्या ताटल्या मिळतात. त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे समाजाच्या मालकीची स्टीलची ताटे व पेले. एकदा वर्गणी काढून घेतली म्हणजे एक पिढी पुरतात, आणि लग्नामुंजीला भाड्याने देता येतात. पिण्याच्या पाण्यासाठी लहान बाटल्या न वाटता मोठे पिंप, ओगराळे व पेले ठेवावेत. तरुण मंडळींनी पाणी वाढण्याची सेवा करावी.

चवथीच्या सणात आमच्या घरांतून गणपतीवर माटोळी बांधतात. रानातील फळे, फुले, पाने, कंद यांनी भरलेल्या त्या माटोळीतील एकही वस्तू ओहोळाला अपाय करीत नाही. तिच्या शेजारी प्लॅस्टिकच्या माळा व थर्मोकोलचे मखर ठेवले म्हणजे शोभेत भर पडते असे आम्हांस वाटत नाही. शिवाय ते कायद्यानेही मना आहे. १ जुलै २०२२ पासून सर्व भारतात सजावटीचे थर्मोकोल, प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या, मिठाईच्या डब्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळण्याचे पातळ वेष्टन, आणि १०० मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिकचे फलक यांस बंदी आहे. १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांस ३१ डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे. उत्सवाची निमंत्रणे व फलक छापविताना कार्यकारी मंडळाने हे ध्यानात ठेवावे.

६. फसवे उपाय

चांगल्या हेतूने केलेली काही खरेदी निष्फळ होते, म्हणून तीन वस्तूंविषयी सावध करतो.

पहिली, कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी. दुकानांत व मंगलकार्यांत ‘कापडी’ म्हणून जी दिली जाते, ती पुष्कळदा पॉलिप्रॉपिलिनच्या तंतूंची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. ओळखण्याची खूण अशी: तिच्यात उभा-आडवा विणलेला धागा दिसत नाही, दाबून केल्यासारखे बारीक ठसे दिसतात. काही महिन्यांत ती उन्हाने भुगा होते, आणि तो भुगा गोळा करता येत नाही.

दुसरी, कागदी पेला. आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असल्यावाचून त्यात चहा राहणारच नाही. खरगपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली दाखविले की, अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटे ठेवला तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. कपबशी विसळणे हेच बरे.

तिसरी, ‘विघटनशील’ असा शिक्का असलेली पिशवी. यांपैकी कित्येक पिशव्या कुजण्यास खताच्या कारखान्यातील ठरावीक उष्णता लागते. थंड समुद्रात वा ओहोळात ती मिळत नाही, आणि तेथे त्या दीर्घकाळ जशाच्या तशा राहतात. शिक्क्यावर विसंबून पिशवी उघड्यावर टाकणे चुकीचे होय.

७. ‘एकट्याने काय होणार?’

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो व त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. एका घराने पिशवी सोडल्याने समुद्र स्वच्छ होणार नाही. वेष्टने तयार करणाऱ्या कारखानदारांवर जबाबदारी टाकणे, कचरा गोळा करण्याची व्यवस्था उभारणे ही राज्यकर्त्यांची कामे आहेत, आणि ती त्यांच्याकडून मागून घेतली पाहिजेत. परंतु तोवर थांबावे म्हटले तर किती थांबावे? प्लॅस्टिकविषयी सर्व राष्ट्रांचा एक करार करावा असे २०२२ च्या मार्चमध्ये ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेली बैठकही एकमत न होता संपली. पाऊस मात्र दर जूनला वेळेवर येतो.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह कचरा वेचण्यास आरंभ केला. हळूहळू शेकडो लोक मिळाले. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्रात जाताना दिसली. या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. किनारा वेचला तरी दर पावसाळ्यात कचरा पुन्हा येतच राहिला. म्हणून पुढे हेच कार्यकर्ते मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत शिरले व कचरा नदीत पडण्यापूर्वीच अडविण्याच्या कामास लागले. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ साली सुरू झालेल्या उपक्रमात मच्छीमार जाळ्यात सापडलेले प्लॅस्टिक परत समुद्रात न फेकता बंदरावर आणतात, आणि ते साफ करून, कातरून रस्त्याच्या डांबरात घातले जाते. दोन्ही ठिकाणी आरंभ थोड्या माणसांनी केला. काम टिकले ते मात्र संघटनेमुळे, ठरलेल्या वारामुळे आणि ठरलेल्या जागेमुळे.

अशी संघटना आपल्यापाशी आयतीच आहे. देवालयाचा एक ठराव शेकडो घरांत पोहोचतो. जत्रेत स्टीलचा पेला दिसला की तो पुढे बारशात व मुंजीतही येतो. घरातील सवय देवालयात आणणे आणि देवालयातील शिस्त घरी नेणे, अशी ही देवघेव आहे. म्हणून एकट्याचा प्रश्न आपल्या समाजात तरी फारसा उरत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

वाचकांनी, विशेषतः तरुण मंडळाने, पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतः पाहून काढावीत व पुढील सभेत मांडावीत.

(१) आपल्या घराच्या अंगणातील पाणी कोणत्या ओहोळाला, तेथून कोणत्या नदीला व शेवटी कोणत्या समुद्राला मिळते? त्याचा मार्ग कागदावर काढा.

(२) एक आठवडा घरातील सर्व प्लॅस्टिकची वेष्टने एका पोत्यात साठवा. त्यांपैकी भंगारवाला कोणती घेतो? जी घेत नाही त्यांपैकी कोणत्या तीन वस्तू पुढील महिन्यात विकत घेण्याचे टाळता येतील?

(३) दुधाच्या पिशवीचे कातरलेले कोपरे आपल्या घरात आजवर कोठे जात होते?

(४) आपल्या देवालयाच्या पुढील समाराधनेस किती पाने होतील? तितकी स्टीलची ताटे व पेले घेण्यास किती वर्गणी लागेल? गेल्या वर्षी फेकून देण्याच्या ताटल्यांवर व बाटल्यांवर झालेल्या खर्चाशी तिची तुलना करा.

(५) आपल्या वाड्यावरील गटारात कचरा साचण्याच्या जागा कोणत्या? मृगापूर्वीचा कोणता रविवार त्या वेचण्यास सर्वांना सोयीचा होईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लवकर द्यावे. रविवार ठरला की टोपल्या, हातमोजे व गोणपाट यांची सोय करणे सोपे जाते, आणि त्या दिवशी किती पोती भरली हे देवालयाच्या फलकावर लिहून ठेवल्यास पुढील वर्षी ती कमी झाली की नाही, हे सर्वांना पाहता येईल.